ओटी भरेपर्यंत बावटा न्हाई

आधी एक सांगा. आमा बायकांना मालधक्क्यावर मिरच्यांच्या पोत्यांमागं कुणी बसवलं? शिंकून शिंकून जीव गेला, आणि पुढचे फेटेवाले मागं वळून बघत्यात, जणू आमी भाषणं बिघडवायलाच आलोय.

हां, आता रीतीनं. अध्यक्षस्थानी बसलेले भोरचे मामलेदारसाहेब, त्यांच्या उजव्या अंगाला आज निरोप घेऊन निघालेले आपले टेसनमास्तर आनंदराव, डाव्या अंगाला कालच आलेले नवे मास्तर, आणि वेल्ह्या-पासलीहून पायी उतरून आलेल्या समस्त मंडळींनो, तुमा सर्वांना अंबूबाईचा नमस्कार.

मघापासून मास्तरांना कुणी सूर्य म्हणालं, कुणी दीपस्तंभ. अहो, आमची शेरडं फलाटावरून हाकलताना मास्तरांचं धोतर सुटलेलं सगळ्या गावानं बघितलंय. दीपस्तंभाला धोतर असतं व्हय?

तरीबी माणूस मोलाचा. कसा, ते ऐका.

गाडी नवीनच सुरू झाली होती. माझी चंद्रा पहिल्यांदा गाडीनं सासरी निघाली. लेकीची ओटी शिवेवर भरायची आमची रीत. आता गाडीनं जाणारीची शीव म्हंजे हा फलाटच, न्हाई का? हितं रूळ संपत्यात, म्हणून इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडत्यात. आमाला काय ठाऊक! बैल सोडले म्हंजे गाडी मुक्कामाला, एवढंच आमचं ज्ञान. "आता लई सवड हाय," म्हणत चंद्राला डब्यातून उतरवली, पाट मांडला. मी ओटीत तांदूळ घालतेय, तवर गाडी चालती झाली. आत जावई, व्याही आणि फराळाची दुरडी. नवरी हितं पाटावर!

जावई खिडकीतून ओरडतोय, "आवं मामी, माझी बायको!"

मी म्हटलं, "बायकोचं बघू, आधी दुरडी टाका खाली!"

मास्तर पळत आले. मला चारचौघांत खुळी म्हणाले. मग तार करून जावयाला पुढच्या टेसनावर उतरवलं, आणि सांजच्या गाडीनं चंद्राला स्वतः नेऊन पोचवलं. तवापासून फलाटावर नवरी असली, की ओटी भरल्याबिगर त्यांचा हिरवा बावटा हलला न्हाई. तोंड मात्र चालूच, "अंबूबाई, तांदूळ घालताय का पेरताय?"

आणि मघा नवे मास्तर म्हणाले, लढाईचे दिवस हैत, उद्यापासून घंटा झाली की गाडी सुटणार, कुणासाठी थांबणार न्हाई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आनंदराव, तुमीबी वाजवल्या, म्या बघितलं.

उद्या सकाळच्या गाडीनं माझी नात, लेकाची पोर फुला, पहिल्यांदा सासरी चाललीय. तिला आई न्हाई. ओटी मलाच भरायची हाय, आणि माझं हात आता सावकाश चालत्यात. घंटेला ते कुठं ठाऊक?

मला बोलू दिलंत, उपकार झाले. माझं बोलणं कुणाला झोंबलं असंल, तर म्हातारी म्हणून पोटात घाला. पण जबाब घेतल्याबिगर मी बसायची न्हाई. उद्या फुलाची ओटी भरून होईस्तवर गाडी थांबणार का न्हाई?

मामलेदारसाहेब, तुमी बोलायचं न्हाई. आनंदराव, तुमीबी न्हाई, तुमचं राज्य संपलं. उद्या बावटा ज्यांच्या हातात, त्या नव्या मास्तरांनी उठावं, आणि सगळ्यांदेखत सांगावं.

उठा.