नऊ इंची भिंत कुणाची?

एक गोष्ट मला आजतागायत कळलेली नाही राव. भिंत नक्की कुणाची असते?

मी भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होतो तेव्हाची गंमत. बाहेर आवारात तेलाची टाकी, आत शेडमध्ये भट्टी, आणि मधला पाइप मी टाकलेला. टाकी तपासायची केंद्राच्या साहेबांनी, भट्टी राज्याच्या. माझी चूक एवढीच, की पाइपचा जोड नेमका मधल्या भिंतीच्या पोटात आला आणि तिथंच गळायला लागला.

मॅनेजरनं दोन्हीकडं कळवलं आणि बजावलं, "साहेब बघेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

दोन्ही साहेब एकाच सकाळी हजर!

केंद्राचे म्हणाले, "माझी हद्द भिंतीपर्यंत."

राज्याचे म्हणाले, "माझी भिंतीच्या आतून सुरू."

मी विचारलं, "आणि साहेब, खुद्द भिंत?"

दोघांनी फायली उघडल्या. मलाही उत्सुकता, मी टेप लावला. भिंत नऊ इंच भरली. तेल ओघळत भट्टीकडं निघालेलं आणि आम्ही तिघं वाकून इंच मोजतोय!

तेवढ्यात गळती थांबली. वळून बघतो तर आमचे म्हातारे वॉचमन नाना टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून उभे.

तेव्हा कुठं दोन्ही साहेब एका सुरात बोलले, "कुणाला विचारून बंद केलंत?"

नाना म्हणाले, "इचारायचं कुणाला? टाकी तुमची, भट्टी यांची. भिंत राखायची ड्यूटी माझी हाय."