माळ कुणी केला?

(सोलापूरच्या उत्तरेचा माळ. १९३१ सालचा वैशाख, सकाळ. धनगर कोंडीबा, त्याची बायको दगडाबाई आणि सोलापूरच्या शाळेत मास्तर असलेला मुलगा हिंदुराव.)

हिंदुराव : विडीची ठिणगी उडाली, एवढंच तर जबाबात लिहिलंय, आबा! अंगठा द्या, कोंडवाड्यातली मेंढरं आत्ता सोडवून आणतो.

कोंडीबा : म्या जल्मात विडी वढली न्हाय.

हिंदुराव : ते जंगलखात्याच्या साहेबाला कुठं माहीत!

कोंडीबा : मला हाय की. सरकारी कुरण म्याच पेटवलं. जुनं गवत जाळलं म्हंजे पावसाला कवळं उगवतंय. न्हाईतर कुसळं मेंढरांच्या डोळ्यांत घुसत्यात. माझा बा जाळायचा, त्येचा बा जाळायचा.

हिंदुराव : खरं सांगाल तर सहा महिने आत बसाल. मग चारा तुमचं खरं मेंढरांना!

कोंडीबा : गवत जाळलं तर सरकारचं काय जळलं?

हिंदुराव : डोकं फुटायची वेळ आली! अहो, असंच जाळत जाळत माणसानं रानं संपवली. लाखो वर्षांपूर्वी पाऊस घटला, झाडी विरळ झाली. आपले पूर्वज झाडांवरून गवतात उतरले, दोन पायांवर चालायला लागले. पुढं आग हाती आली, तशी शिकारीसाठी गवतं पेटवायला लागले. उरलीसुरली झाडंही गेली.

कोंडीबा : म्हंजे ह्यो माळ माणसानंच केला?

हिंदुराव : थोडा पावसानं, थोडा माणसानं.

कोंडीबा : मग सरकारचा कसा?

हिंदुराव : आबा, हात जोडतो, साहेबापुढं हे काढू नका!

कोंडीबा : का? तूच सांगतूयास की.

दगडाबाई : बास करा दोघं बी! लाख वर्सांचं काय घिऊन बसलाय? काल दुपारपास्नं मेंढ्या तितं डांबल्यात, आन हितं त्यांची कोकरं वरडून वरडून गप झाल्यात. एक तर मानच उचलंना.

कोंडीबा : कंचं?

दगडाबाई : पांढऱ्या कानाचं. बोट तोंडात दिलं, तर चोखत बी न्हाय.

हिंदुराव : आबा...

कोंडीबा : शाई काढ.

हिंदुराव : डावा अंगठा लागतो.

कोंडीबा : डावाच घे. आग उजव्या हातानं लावलीया.