दुबेजींना कळल्याशिवाय बिल नाही

आमच्या साहेबांचं, दुबेजींचं, काही विचारूच नका. मानिक चौकातल्या एका साडीच्या दुकानाला आम्ही बिलाचं सॉफ्टवेअर करून दिलं. मी म्हटलं, "बारीकसारीक चूक झाली तर सॉफ्टवेअर ती गुपचूप नोंदवून ठेवेल, बिलं चालू राहतील. चुका आपण नंतर बघू."

दुबेजी भडकलेच. "अरे भैया, गलती हो और मुझे ही पता न चले? पहले मुझे मैसेज, फिर बिल!"

दिलं तसंच करून.

ऐन लग्नसराईत दुबेजी टहरौली गावी वऱ्हाडाबरोबर गेले. तिथे मोबाइलला रेंज नाही. इकडे दुकानात कुणीतरी गिऱ्हाइकाच्या फोन नंबरातला एक आकडा गाळला. झालं! मेसेज दुबेजींना पोचेना आणि बिल निघेना. नवरीची आई शालू काखेत धरून बसलेली, मागे ही रांग, आणि दुकानाचे शेठजी फोनवर माझा उद्धार करतायत.

दुबेजी परतल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "समझ गया. अब ऐसा करो, मैसेज मुझ तक न पहुँचे, तो तुरंत मुझे मैसेज आना चाहिए."