सगळ्यांत खालच्या यत्तेचा माणूस

नाही नाही, उभ्याने नको सांगूस, फ्लॉसी — बस इथे ओट्यावर. ती पानं सरकव बाजूला, खायचीच पानं आहेत, एवढं काय त्यात. एमिली आत आहे. उद्या तेरावीचा पहिला पेपर ना, मोठमोठ्याने धडा बोलतेय स्वतःशीच. आणि तू आलीस ते — राहू दे, तोंडावरूनच कळलं. उद्या तू तिच्या शेजारी लिहायला बसणार नाहीस. आई नको म्हणाली, होय ना? चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर बाया बोलल्या असतील — अकरावीतली फ्लॉसी पेपर लिहून देणार, आमच्या एमिलीला फुकटची डिग्री! मग तुझी आई, क्लारा, घाबरणारच. मी तिला वाईट म्हणत नाही, बाय. पण लिहून देणं वेगळं आणि सांगितलेलं उतरवणं वेगळं. मुंबईला मोठ्या इस्पितळात तपासून आणलंय एमिलीला — डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरीचं डोकं चांगलं आहे, फक्त अक्षरं तिच्यासमोर जागेवर थांबत नाहीत. म्हणून जास्तीचा वेळ आणि लिहायला माणूस, एवढीच सवलत.

आता माणूस आणायचा कुठून? कॉलेजातले सर म्हणाले, तिच्यापेक्षा खालच्या यत्तेतला हवा. मी म्हटलं, मग मीच बसतो की सर! मी एकाही यत्तेत बसलेलो नाही, माझ्याहून खालचा तुम्हाला अख्ख्या गास गावात मिळायचा नाही. मला आपलं वाटलं, अट तेवढीच. सर हसले नाहीत — चहा मागवला माझ्यासाठी. एमिली मात्र एसटी येईपर्यंत हसत होती. आजोबा, म्हणाली, लिहिता पण यावं लागतं हो!

बोलते छान ग ती. आईबाप कुवेतला, घरात आम्ही दोघंच. मी पानांच्या जुड्या बांधतो, ती धडा सांगते, मी हूं हूं करतो. फ्रान्सचा तो राजा, त्याची राणी, मान कापली ती — मला पाठ झालंय सगळं. कळतं काय? थोडंच. पण घरात आवाज असतो. ती कॉलेजात गेली की मी कोंबड्यांशी बोलतो — हसू नकोस. आता शिकून पास झाली की बाप तिला तिकडेच नेणार, नोकरी लावणार, म्हणतो फोनवर दर वेळी. आणि नापास झाली तर — तर काय, इथेच. मघाशी तू फाटकातून मान खाली घालून येताना दिसलीस ना, तेव्हा मला जरा बरंच वाटलं —

काय बोललो मी हे.

ऐक. क्लाराकडे मी जातो, आत्ताच जातो, माझं ती ऐकेल. तू आत जा. मला काही सांगू नकोस. तिला सांग, उद्या येते म्हणून. माझ्याकडे काय बघतेस? जा, बाय. जा म्हणतो ना.