कडा सुटल्यात, आता उलट

नाही, ते तुझ्या ऑफिसचं राहू दे, आधी हे ऐक – आज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात काय झालं ते – आणि मान हलवू नकोस, कानाला रंग लागेल. चाळीस मिनिटं आहेत तुझी, रंग चढेपर्यंत तू कुठे जात नाहीस, म्हणून तुलाच सांगते. पार्लरमधल्या दुसऱ्या कुणाला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत जाईल.

तुला माहितीये ना, महिनाभर पहाटे साडेपाचला उठतेय मी. मी. जिला लग्नानंतर अकरा वर्षांत सकाळचे सात कसे दिसतात ते माहीत नव्हतं. नाश्ता हे खातं मुलांच्या बाबाचं होतं. तो उठायचा, काहीतरी गरम करायचा, दोघांना खाऊ घालून शाळेच्या बसमध्ये बसवायचा, आणि मी नऊला उठून म्हणायचे, काय केलं होतंस रे आज, वास मस्त येतोय. आता तो तिकडे लांब, पुलाच्या कामावर – म्हणजे सगळ्यांना मी सांगते बदली झाली. तुलाही तेच सांगितलंय. बदली-बिदली काही नाही गं, मागून घेतलीये त्याने. भांडण झालं, मी म्हटलं जा, तो गेला. – आरशातून असं बघू नकोस माझ्याकडे. जाईल असं वाटलं नव्हतं मला.

आणि जाताना ठरलं काय, तर सहामाही संपेपर्यंत मुलं माझ्याकडे, मग तो येऊन बघणार. त्याचं म्हणणं, तू रात्री नऊला पार्लर बंद करतेस, सकाळी तुझ्याच्याने उठवत नाही, पोरं थंड दूध पिऊन जाणार आणि दुसऱ्या तासाला पेंगणार, त्यापेक्षा माझ्याकडे राहू देत, ताई शेजारीच आहे. ताई म्हणजे माझी नणंद, तिकडेच राहते – तिला काय, बरंच. मी म्हटलं, बघच तू, रोज गरम नाश्ता, माझ्या हातचा, नाही जमला तर घेऊन जा पोरांना. बोलून बसले. आता हा रविवार येतोय ना, तोच तो रविवार.

पहिला आठवडा तर विचारूच नकोस. माझी सवय काय – रंग लावला, घड्याळ लावलं, की दुसऱ्या डोक्याकडे वळायचं, मध्ये मध्ये चिवडत बसायचं नाही. तर ओट्स गॅसवर ठेवले, दहा मिनिटं लावली आणि थोरलीच्या वेण्या घालायला गेले. येऊन बघते तर ओट्स कुठले आणि भांडं कुठलं, कळेना. दुसऱ्या दिवशी ऑम्लेट, वरून कच्चं, खालून कोळसा. धाकटा, सात वर्षांचा, ताटलीत बघून म्हणतो कसा – आई, यातली कोणती बाजू खायची? एक दिवस तर उलथनं हातात घेऊन ओट्यापाशी फरशीवर बसले आणि रडले चक्क. आणि त्यांच्या बाबाला नाही नाही ते बोलले. थांबला असतास तर काय बिघडलं असतं तुझं – असलं काहीबाही. भिंतीशी बोलतेय असं वाटत होतं मला.

आणि मग जमायला लागलं ना. ऑम्लेट अखंड उतरायला लागलं, ओट्स भांड्याला सोडून पोरांच्या पोटात जायला लागले. थोरली मात्र – दहाची आहे, फौजदारच म्हणतो आम्ही तिला – रोज ओट्याजवळ स्टुलावर, कानात इअरफोन, समोर उघडी वही, आणि सारखं नाक खुपसणार. आई, मीठ राहिलं. आई, गॅस बारीक कर. आई, दूध आत्ता नको, नंतर घाल. मी म्हणायचे, तू तुझी गाणी ऐक, मला शिकवू नकोस. पण करायचे, कारण तसं केलं की बरोबर निघायचं. आणि इथे तुझ्यासमोर बढाया मारल्या मी, माझा हात बसला म्हणून – मारल्या की नाही?

तर आज. तव्यावर ऑम्लेट, धाकटा एका पायात मोजा घालून धावत आला आणि इअरफोनच्या वायरीत अडकला. वायर निघाली. आणि पावाच्या डब्यामागून आवाज – "कडा सुटल्यात, सांग तिला, आता उलट." त्याचा गं. माझ्या नवऱ्याचा. डबा सरकवला तर मागे थोरलीचा जुना फोन उभा केलेला, कॅमेऱ्यापुरता बाहेर डोकावणारा, आणि त्यात हा – तोंडाला दाढीचा साबण लावून माझ्याकडे बघतोय.

किती दिवस चाललंय हे, मी विचारलं. पोरगी मान खाली घालून म्हणते, तू खाली बसून रडत होतीस ना, तेव्हाच लावला मी फोन. म्हणजे ते सगळं ऐकलंय त्याने. पोरगी पुढे म्हणते, मी बाबाला म्हटलं, आईला जमत नाहीये आणि आम्हाला इथून जायचं नाहीये, तू सांग ना कसं करायचं. आणि त्याने सांगितलं. आता तूच विचार कर, मला जमलं नसतं तर पोरं त्यालाच मिळणार होती ना? नुसता गप्प बसला असता तरी पुरे होतं. आणि हा माणूस तिकडे पहाटे उठून इथला माझा गॅस बारीक करतोय. वर पोरीला बजावलंय, आईला कळू देऊ नकोस, तिचं तिला जमलं असं वाटू दे. या 'वाटू दे'नेच डोकं फिरलं माझं. भांडला असता तर परवडलं असतं.

मला ते ऑम्लेट करपू द्यायचं होतं, खरं सांगते. कमरेवर हात ठेवून उभी राहिले. वास बदलायला लागला. शाळेची बस यायला दहा मिनिटं, धाकट्याच्या पोटात काही नाही, तो एकदा तव्याकडे बघतोय, एकदा माझ्याकडे – उलटलं. काय करणार. आणि इतकं सुरेख उलटलं गेलं की मला माझाच राग आला.

पोरं खाऊन गेली. फोन चालूच. साबण वाळला त्याच्या तोंडावर. मग हळूच म्हणतो, तू खाल्लंस का? मी फोन पालथा घातला.

रविवारी येईल. पोरं सांगतील आई मस्त करते, तो मान डोलावेल, म्हणेल ठीक आहे, हरलो मी, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईल. मी खरं खरं बोलले, की मला एकटीला जमलं नाही, तर पोरांना घेऊन जाईल. जिंकले तरी तो जातोय, हरले तरी तो जातोय – मीच घातलेली पैज, आणि त्यात तो थांबतो असं मी कुठे ठेवलंच नाही. आता काय तोंडाने म्हणू त्याला, थांब म्हणून? बोल ना – माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?