माथ्यावरच्या डब्यातली वही

तुम्ही एवढ्याशा हाइकला चार-चार बाटल्या पाणी घेता ना, माझ्या बाबांनी मला एक थेंब घेऊ दिला नव्हता. पंच्याऐंशी साल असेल. बाबा पुण्याहून पहिल्यांदाच अमेरिकेत माझ्याकडे सॅन डिएगोला आले होते आणि समुद्राजवळच्या एका डोंगरावर आम्ही निघालो होतो. मी पाणी भरायला लागलो, तर म्हणाले, "ठेव ते. दर रविवारी सिंहगड चढतो मी. वर ताक मिळतंच."

"बाबा, इथे वर कोणी नसतं."

"एवढा श्रीमंत देश, आणि एक ताकवाली नसेल?"

बाबांपुढे बोलायची माझी काय टाप! त्या डोंगरावर सावलीला एक झाड नाही, नुसती वाळकी झुडपं. माथ्यावर पोचेपर्यंत घशाला कोरड पडली. तिथे एक पत्र्याचा डबा होता. बाबांनी मोठ्या आशेने उघडला. आत येणाऱ्यांनी नावं लिहायची वही निघाली! एका अमेरिकन आजीबाईंनी पाणी पाजलं म्हणून वाचलो. पण बाबा भडकलेलेच. त्यांनी वहीत चक्क मराठीत तक्रार लिहिली, "वर ताकाची सोय नाही."

पुढच्या वर्षी मी एकटाच गेलो, पाणी घेऊन. वही उघडली, तर तक्रारीखाली मराठीतच कोणीतरी लिहिलेलं, "पिठलं-भाकरीचीही नाही. आधी फोन करून घरी या, ताक पाजतो." खाली नंबर.

केला फोन. ते गृहस्थ आज माझे सासरे आहेत. ताक मात्र अजून मिळालेलं नाही.