खोडलेली ओळ

मी मूळची कार्ल्याची. रस्त्याच्या कडंला आमचं भाताचं शेत आन् त्याच्या मागं घर. आबा, म्हंजे माझे वडील, शेती करायचे, मी लोणावळ्याच्या शाळंत जायची, मंग पुण्यात वकिली शिकले, तितनं लंडनला गेले ती गेलेच, बावीस वर्सं झाली. लोकं म्हणत्यात, वकील म्हंजे कोर्टात भांडत असशील. न्हाई हो. कोर्टाची पायरी मी चढलेच न्हाई. एका देशातली बँक दुसऱ्या देशातल्या कंपनीला कर्ज देती, त्याचे करार आमी लिवायचे, तीनशे-चारशे पानांचे. उद्या कोण फिरला तर काय, कंपनी बुडली तर काय, सगळं आधीच लिवून ठेवायचं. काय सांगू तुमाला, माणूस कसा दगा दील ह्याचाच दिवसभर इचार करायचा, त्याचाच पगार. डोळं गेलं, मान धरती, लगीन करायचं राहून गेलं ते गेलंच. हाताखालच्या पोरींना मी एकच शिकवलं, कागदावर न्हाई ते न्हाईच.

आबा गेले तवा रजा काढून आले. दादा, माझा थोरला भाऊ, म्हणला हक्कसोड करून टाक. आमच्याकडं ही रीतच हाय, बापाच्या जमिनीतला आपला वाटा बहिणींनी भावाच्या नावावर सोडायचा, मंग माहेराचं दार उघडं ऱ्हातं. आत्यांनी सोडला, मावशीनं सोडला. मी म्हणलं सोडते, पन मसुदा मी बघणार. वडगावला रजिस्ट्रेशनच्या हापिसाबाहेर टायपिंगवाल्याच्या बाकड्याव बसून मी त्यात एक ओळ घातली, मागची खोली मी जिती हाय तवर माझी. दादानं वाचली. रागावला न्हाई. नुसतं म्हणला, खोली तुजीच हाय, पन लिवलीस तर तू भाडेकरू झालीस की गं, मंग बहीण कुटं ऱ्हायली. मला लय लाज वाटली. माझ्याच पेनानं ओळ खोडली, शेजारी सही केली, आन् आत जाऊन अंगठा दिला. ही चूक मी कुठल्या बँकेला करू दिली नसती.

चार वर्सांनी दादाचा फोन आला. घर आन् शेत इकून टाकलं म्हणला, घेणारा मुंबईवाला तितं बंगले बांधतोय, माझी दोन्ही पोरं कंपनीत जात्यात, भात लावायला माणूस मिळंना, माझं गुडघं राहिलं न्हाईत. मी इचारलं, आन् खोली. तो परत गुडघ्याचंच सांगाया लागला. मी फोन ठेवला तो दोन वर्सं त्याचा उचलला न्हाई. मंग एक दिवस बसून त्याला नोटीस लिवली. त्यात दम नव्हता, मला ठाऊक व्हतं, खोडलेल्या ओळीला कोण इचारतंय. पन त्याला लागंल अशी लिवली.

ह्या भाऊबिजेला ती बॅगेत घालून आले. दादा आता वडगावात फ्लॅटमधी ऱ्हातो, दोन खोल्या आन् हॉल. एकीत दादा-वहिनी, आन् तरणी पोरं हॉलमधी गाद्या टाकून झोपत्यात. मला वाटलं मला बी तितंच टाकत्यात. तर वहिनीनं चावी आणली आन् दुसऱ्या खोलीचं कुलूप काढलं. डांबरगोळ्यांचा वास आला. आत आबांची खाट, माझी शाळंतली पेटी. खिडकीतनं शेजारच्या बिल्डिंगची भिंत दिसती, दुसरं काय न्हाई. थोरला पोरगा म्हणला, आत्या, बाबा हितं पाव्हण्यालाबी झोपू देत न्हाईत. दादा दारात उभा व्हता. मागच्या अंगाचीच घेतली गं, म्हणला.

खाटंवर बसून मी रडले. वहिनीला वाटलं परवासानं थकलीय. थकलेय बी. आता नोकरी सोडणार, कागद वाचायचं बळ डोळ्यात राहिलं न्हाई, हितंच येऊन ऱ्हाणार. देव माझ्या भावाचं भलं करो. नोटीस अजून बॅगेतच हाय, त्याला सांगायचं धाडस माझ्यानं झालं न्हाई. मी सांगतेय ते तुमी लिवून द्याल तवा तो एकेक शब्द वाचंल. वाचू दे. नोटिशीचं तेवढं खोडू नका.